ठाण्याच्या नौपाड्यातली फॉरेन्सिक किड्यांची (म्हणजे किड्यांवरून गुन्ह्याचा तपास) वर्कशॉप: नक्की जा, पण प्रॅक्टिकल वाढवायला हवं

झूलॉजीवाले, लॉवाले, पोलीस भरतीची तयारी करणारे, सगळ्यांनी करावी अशी एका दिवसाची वर्कशॉप आहे ही. मृतदेहावरच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ काढतात एवढं टीव्हीमुळे सगळ्यांनाच माहीत असतं, इथे मात्र अर्धा दिवस किडे पुरावा बिघडवतात कसा यावर दिला आणि मला तेच सगळ्यात भारी वाटलं.

शिकवणाऱ्या मॅडमनी भिंतीवरच्या डागांचे फोटो दाखवून विचारलं, यात रक्ताचे शिंतोडे कुठले आणि माशीचे डाग कुठले, तर बरेच जण गडबडले. माशी सांडलेलं रक्त चाटते आणि मग भिंतीवर, बल्बजवळ बसून ओकते, हगते, त्याचे बारीक ठिपके पडतात, काहींना शेपटीपण असते, आणि रक्ताची प्राथमिक टेस्ट त्यावरही पॉझिटिव्ह येऊ शकते! म्हणजे ज्या खोलीत काही घडलंच नाही तिथेही मारहाण झाली असं पंचनाम्यात जायचं. खऱ्या शिंतोड्यांच्या दिशा जुळवल्या की एका जागेकडे जातात, माशीचे ठिपके कसेही वाकडेतिकडे. माणूस मेल्यानंतर मुंग्या-झुरळं त्याची कातडी कुरतडतात ते तर थेट खरचटल्यासारखं किंवा ॲसिड पडल्यासारखं दिसतं, अशा खुणांवरून घरच्यांवर संशय जाऊ शकतो, हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

१९३५ च्या बक रक्स्टन केसमध्ये (बायको आणि मोलकरणीचा खून करणारा डॉक्टर) स्कॉटलंडला सापडलेल्या मृतदेहांवरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज काढला होता तेही सांगितलं, पण थोडक्यात.

अळ्या गोळा करायची पद्धत नीट शिकवली. काही गरम पाण्यात मारून मग अल्कोहोलमध्ये, कारण थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या की आकसतात, काळ्या पडतात आणि लांबीवरून वय काढताना घोळ होतो, आणि काही जिवंत वाढवायच्या कारण कोशातून माशी बाहेर आली की जात ओळखणं सोपं जातं. सोबत मृतदेह सापडला तिथलं तापमान लिहायचंच, अळ्यांचा मोठा गोळा असेल तर त्याच्या आतलंही, तो स्वतःच तापतो.

आता तक्रार. मटणाच्या तुकड्यावरच्या अळ्या एवढ्या मोठ्या बॅचला एकाच मायक्रोस्कोपवर दाखवल्या, मागच्यांना काही दिसलं नाही. आणि अळ्यांच्या वाढीचे तक्ते थंड देशातले, आपल्या उकाड्यात सगळं कितीतरी भराभर होतं, ठाण्यात शिकवताय तर इथल्या तापमानाचं एखादं गणित तरी सोडवून घ्या ना. नोट्स मराठीत दिल्या, त्यासाठी मनापासून थँक्यू. स्टेशनवरून चालतच या, पार्किंग मिळत नाही.