आर्बुआतलं पाच ग्लासांचं जेवण: लाल आधी, पांढरी नंतर, आणि पिवळी थेट फ्रीजमधून

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापलाय त्यातला एक फक्त फ्रीजसाठी, ते खाली सांगते.

धाकटा भाऊ फ्रान्समध्ये बेझाँसोंला शिकतो, त्याच्याकडे आठ दिवस राहायला गेले होते तर एक दिवस आर्बुआला जाऊन आलो. झ्युरा भागातलं वाइनचं गाव, लुई पाश्चर लहानाचे मोठे झाले ते इथेच आणि पुढे गावाजवळ स्वतःचा द्राक्षमळा पण घेतला होता त्यांनी. ट्रेनने थेट जाता येतं, पण स्टेशन गावापासून जरा लांब आहे, चालायची तयारी ठेवा आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवा. रेस्टॉरंटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रार पण करायचीय आणि माणसं फार चांगली होती. दुपारचं जेवण, पाच पदार्थ, पाच ग्लास, सगळी वाइन झ्युराचीच, माणशी 58 युरो.

पहिलाच ग्लास लाल आला. भाऊ हळूच म्हणतो, ताई, बाई चुकल्या वाटतं, आधी व्हाइट असते ना. वाढणाऱ्या बाईंना सवय असावी असल्या चेहऱ्यांची, हसल्या आणि म्हणाल्या आमच्याकडे उलटं, लाल आधी. आणि पिऊन झाल्यावर पटतं. ही पुलसार नावाच्या द्राक्षाची वाइन, साल इतकी पातळ की रंग धड लाल पण नाही, गुलाबीच्या जरा पुढे, आणि चव हलकी, आंबटसर. यांच्या जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या वाइन इतक्या दणकट असतात की त्यांच्यानंतर ही प्यायली तर पाणी प्यायल्यासारखं वाटेल. पहिला वास मात्र जळक्या काडेपेटीचा आला, भावाने नाक मुरडलं, पण ग्लास चार-पाच वेळा फिरवला आणि वास गेला, खाली छोट्या लाल बेरींचा वास होता. पुलसारचं असं होतं बऱ्याचदा, लगेच परत पाठवू नका. किंचित थंड दिली होती ते एकदम बरोबर. सोबत मोर्तोचं धुरावलेलं सॉसेज, उकडलेला बटाटा आणि वरून काँक्वायोत, म्हणजे चमच्यातून ओघळणारं पातळ चीज. सॉसेजच्या धुराला आणि चरबीला ती आंबट वाइन मस्त कापत होती. इथे पूर्ण मार्क.

दुसरा ग्लास शार्दोने द्राक्षाची पांढरी, ट्राउट माशाबरोबर. ठीक. ही 'उइये' होती म्हणजे पिंप वरपर्यंत भरत राहून केलेली, स्वच्छ आणि ताजी. वाईट काही नाही, लक्षात राहण्यासारखं पण नाही.

तिसऱ्या ग्लाससाठी खरं तर आलो होतो, व्हँ झोन, शब्दशः पिवळी वाइन. साव्हान्यँ नावाच्या द्राक्षाची करतात, आणि करतात म्हणजे काय तर पिंपात भरतात आणि सोडून देतात. एरवी बहुतेक ठिकाणी पिंपातली वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात कारण हवा लागली की ती बिघडते, इथे मुद्दाम घालत नाहीत. मग वर यीस्टचा थर धरतो, दुधावर साय धरते ना तसा, त्याला हे लोक 'व्वाल' म्हणजे पडदा म्हणतात, आणि ती पिंपात सहा वर्षांहून जास्त बसते, त्यातली निदान पाच त्या सायीखाली. बाटली पण वेगळी, बुटकी, 62 सेंटिलिटरची, नाव क्लाव्हलँ. लिटरभर वाइनचं एवढ्या वर्षांनी एवढंच उरतं असं सांगतात. याच भागातलं शातो-शालों गाव तर ह्याच वाइनसाठी आहे, आणि ते लोक इतके कडक की 1974, 1980, 1984 आणि 2001 या वर्षांची द्राक्षं मनासारखी नव्हती म्हणून त्या नावाची वाइन केलीच नाही.

तर अशी वाइन आणि ह्यांनी ती फ्रीजमधून काढून बर्फगार ओतली!! वासच नाही. भाऊ म्हणाला ताई ही काय जादू आहे, लिंबूपाणी आहे हे. व्हँ झोन 14 ते 16 डिग्रीला द्यायची असते आणि बाटली काही तास आधी उघडून ठेवायची असते, हे मला वाचून माहीत होतं, मग त्यांना का नसावं? बाईंना विचारलं तर खांदे उडवले, उन्हाळ्यात लोक थंडच मागतात म्हणाल्या. मग मी ग्लास दोन्ही तळहातांत धरून बसले, चांगली वीस मिनिटं, जेवण थांबवून. आणि मग सुटला वास. अक्रोड, करीसारखं काहीतरी, आणि सरळ सरळ मेथीदाणे. कल्पना नाही ही, सोटोलॉन नावाचं रसायन असतं यात, मेथीच्या वासामागेही तेच आहे. भावाला हुंगायला दिला तर तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, त्याच्यासाठी हे रेकॉर्ड आहे.

सोबत कोंबडी, क्रीम आणि मोरेल मशरूमच्या सॉसमध्ये. सॉसमध्ये पण व्हँ झोन घालता का विचारलं तर बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या की कढईत साधी साव्हान्यँ जाते, महागाची ग्लासातच बरी. मला आवडलं हे उत्तर. कोंबडी इतकी मऊ की सुरी लागलीच नाही, पण तोपर्यंत गार झाली होती, वाइन गरम होईपर्यंत जेवण गार, कोणाला दोष देणार, फ्रीजलाच.

चौथा ग्लास परत व्हँ झोन, दुसऱ्या वर्षाची, काँते चीजबरोबर. ही बाटली बाहेरच ठेवलेली होती (म्हणजे माहीत होतं की!!). तीन वयांचं काँते, आठ महिने, दीड वर्ष आणि अडीच वर्षांच्या आसपासचं. आठ महिन्यांचं दुधाळ, गोडसर, वाइनने त्याला चिरडलंच. सगळ्यात जुन्यात दाताखाली खडे लागतात आणि खारटपणा जास्त, मग दोघंही वरच्या पट्टीत भांडायला लागले. मधलं दीड वर्षाचं, ते मात्र असं की घोट कुठे संपला आणि चीज कुठे सुरू झालं कळेना, दोन्हीकडे तोच अक्रोड. एवढ्या एका घासासाठी परत जाईन. माझा सल्ला, तीन ऐवजी ते एकच मागा आणि मोठा तुकडा मागा.

पाचवा ग्लास व्हँ द पाय, हो पायच, पाय म्हणजे पेंढा. द्राक्षं निदान सहा आठवडे वाळवून मग पिळतात, त्यामुळे गोड आणि घट्ट, मनुका आणि संत्र्याच्या सालीसारखी. ही सुंदर होती आणि सोबत दिला काळ्या चॉकलेटचा केक, त्या कडूपणाने वाइन नुसती पाकासारखी लागली. अर्धा स्टार इथे गेला. मी केक भावाकडे सरकवला आणि उरलेल्या अक्रोडांबरोबर ग्लास संपवला, जास्त बरं लागलं.

निघताना 40 युरोला एक क्लाव्हलँ घेतली. उघडलेली व्हँ झोन आठवडेच्या आठवडे टिकते, हवा खाऊनच मोठी झालेली ना ती, म्हणून त्याच संध्याकाळी उघडून एक-एक घोट घेतला आणि बाटली भावाकडे ठेवून आले, म्हणलं कपाटात ठेव, फ्रीजमध्ये ठेवलीस तर याद राख. तीन आठवड्यांनी मेसेज आला, ताई अजून मस्त आहे, वास वाढलाय उलट. चौथ्या आठवड्यात फोटो आला, कढई, क्रीम, मशरूम, आणि मागे ओट्यावर रिकामी क्लाव्हलँ. अख्खी ओतली गाढवाने.