इनडिझाइनमध्ये ऑक्टोपसचं डबल पान आणि 'शेअर फॉर रिव्ह्यू': वापरून काय वाटलं

प्राण्यांवरच्या मासिकासाठी ऑक्टोपसचं डबल पान नुकतंच हातावेगळं केलं, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक मांडणी, सगळं काम अडोबी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फीडबॅक पण त्यातल्याच 'शेअर फॉर रिव्ह्यू'मधून घेतला. त्यावर लिहायचं कारण म्हणजे इनडिझाइनचे रिव्ह्यू भरपूर सापडतात पण मराठी मजकूर घेऊन प्राण्याचं पान करणाऱ्याला काय लागतं ते कुणी सांगत नाही.

आधी मराठीचं बघू, कारण नवीन माणूस तिथेच अडकतो. मजकूर पेस्ट केला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला आणि जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात. घाबरायचं कारण नाही, पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूत जाऊन 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर' निवडायचा, आणि हे दरवेळी हाताने न करता पॅराग्राफ स्टाइलमध्येच (परिच्छेदाच्या जतन केलेल्या सेटिंगमध्ये) टाकून ठेवायचं म्हणजे शीर्षक, मजकूर, कॅप्शन सगळीकडे आपोआप लागतं. फॉन्ट मी मजकुराला तिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, आणि कॅप्शनला 'मुक्त' नावाचा फॉन्ट, कारण त्याची बारीकपासून जाडपर्यंत सगळी वजनं मिळतात.

आता फीडबॅक. 'शेअर फॉर रिव्ह्यू' म्हणजे डॉक्युमेंटची लिंक तयार होते, समोरच्याकडे इनडिझाइन असायची गरज नाही, ब्राउझरमध्ये पान उघडून जिथे खटकतंय तिथे पिन (म्हणजे खूण) टाकून लिहायचं, आणि ते सगळं आपल्याला इनडिझाइनच्या रिव्ह्यू पॅनलमध्ये दिसतं. दुरुस्ती केली की तीच लिंक अपडेट करायची, नवीन फाइल पाठवायची भानगड नाही. मला यातली पिन सगळ्यात आवडली, कारण "जरा वेगळं करून बघ ना" हे पिन टाकून लिहिताच येत नाही, माणसाला बोट ठेवायलाच लागतं.

सुरुवातीच्या मांडणीत ऑक्टोपस बरोबर मधोमध होता आणि आठ हात दोन्ही पानांवर पसरलेले. स्क्रीनवर भारी दिसत होतं. संपादक ताईंनी थेट डोळ्यावर पिन टाकली आणि लिहिलं, "हा डोळा बाइंडिंगमध्ये जाणार, मग वाचक बघणार कुणाकडे?" अगदी बरोबर, परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे कणा गोंदाने चिकटवलेल्या अंकात, आतले काही मिलिमीटर गिळलेच जातात. मग सगळा प्राणी डाव्या पानावर सरकवला, दोन हातच फक्त उजवीकडे जाऊ दिले, आणि तेही जाड आणि जवळजवळ आडवे, कारण समोरासमोरची पानं बहुतेक वेळा वेगवेगळ्या कागदांवर छापलेली असतात, थोडी जरी इकडेतिकडे झाली तर बारीक तिरका हात लगेच तुटलेला दिसतो. या एका बदलाने पानाला दिशा आली बघा, डावीकडून डोळा, मग हात, आणि हाताच्या टोकाशी मजकूर सुरू.

दुसरी पिन सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांची. तीन हृदयांचं एक छोटं चित्र होतं आणि त्याचा बाण दोन डोळ्यांच्या मधे गेला होता. सरांनी लिहिलं, "इथे मेंदू असतो. हृदयं मागच्या पिशवीत, बाण तिकडे न्या." म्हणजे जिला बघणारे डोकं समजतात ती गोल पिशवी खरं तर धड आहे, कल्ले, हृदयं सगळं तिच्यात. त्याच पिनखाली सरांनी पुढे लिहिलं की ऑक्टोपसची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते, आणि पोहताना शरीराला रक्त पुरवणारं मुख्य हृदय थांबतं म्हणून तो पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत करतो. हे वाचून मी दोन चौकटी काढूनच टाकल्या आणि ही हृदयाची गोष्ट पोहणाऱ्या ऑक्टोपसच्या फोटोला चिकटून कॅप्शन म्हणून लावली. असा फीडबॅक मिळाला तर जागा द्यायला अजिबात कंजूषी करू नये.

मजकूर हातांच्या कडेने वळवायला टेक्स्ट रॅपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' आहे, प्राण्याची बाह्यरेषा तो स्वतः ओळखतो. धडासाठी वापरा, हातांच्या वेटोळ्यांना मात्र पेन टूलने स्वतःच सैल रेषा काढलेली बरी, नाहीतर ओळी इतक्या लहानमोठ्या होतात की मराठीतले लांब शब्द कुठे बसवायचे कळत नाही. बेसलाइन ग्रिडला, म्हणजे ओळींसाठी आखलेल्या समान रेषांना, मजकूर बांधलेला असला की दोन्ही पानांवरच्या ओळी एका रेषेत राहतात, ते आधीच लावून घ्या.

एक गोष्ट लिंकवर कुणालाच कळत नाही ती म्हणजे छपाई. फोनवर सगळे म्हणणार रंग झकास, पण खोल समुद्राचा निळा आणि ऑक्टोपसचा तांबडा-नारिंगी हे दोन्ही सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, फिके पडतात, 'प्रूफ कलर्स' चालू करून आधीच बघा. निळ्यावर पांढरी अक्षरं तर जपूनच, चार शाईंची पार्श्वभूमी जरा हलली की बारीक मात्रा आणि अनुस्वार शाईत बुजतात, म्हणून तिथे मी 'मुक्त' सेमीबोल्ड आणि मोठा पॉइंट ठेवला. आणि फोटोचं 'इफेक्टिव्ह पीपीआय' (पानावर बसवलेल्या आकारात दर इंचाला किती पिक्सेल) लिंक्स पॅनलमध्ये बघायचं. ए4 आकाराच्या पूर्ण डबल पानाला, 3 मिमी ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर सोडलेली कड) धरून, 300 पीपीआयने साधारण 5030 बाय 3580 पिक्सेल लागतात, फोटो त्याहून फारच लहान असेल तर प्राणी छोटा करा पण फोटो ताणू नका.

वर्गणी भरूनच वापरायला मिळतं, एकदा घेऊन कायमचं असं नाही, त्यामुळे वर्षातून एखादं पान करणाऱ्याने आधी स्क्रायबस बघावं, ते फुकट आहे आणि त्याच्या 1.6 मालिकेत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात, फक्त पिन टाकून अभिप्राय घ्यायची सोय वेगळी करावी लागेल. नियमित मासिक काढणाऱ्यांना मात्र मी इनडिझाइनच सांगेन, आणि लिंक पाठवताना सोबत दोन ओळी लिहा की तुम्हाला कशाबद्दल मत हवंय, नजरेच्या प्रवासाबद्दल की माहितीबद्दल, आणि माहितीसाठी त्या प्राण्याचा जाणकार नक्की घ्या. सगळ्या पिना सोडवून झाल्या की पान शंभर टक्के आकारात प्रिंट काढायचं, मधोमध घडी घालायची आणि हातभर अंतरावरून बघायचं, मगच पीडीएफ प्रेसला पाठवायची.