फोंड्याहून कोल्हापूरला बाबांची पद्मिनी ट्रेलरवर पाठवली, पाचपैकी साडेतीन स्टार

ट्रेलरवाल्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली थोडं वाईटपण लिहायचंय आणि माणसं तशी वाईट नव्हती. आमच्या गोव्यातल्या फोंड्यातलेच आहेत एवढं सांगतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंग गिअरवाली, म्हणजे गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगला. कोल्हापूरला मामाच्या ओळखीतला जुन्या गाड्यांचा मिस्त्री आहे त्याच्याकडे पत्र्याच्या कामाला द्यायची होती. चालवत नेली असती पण अनमोड घाटात हिचा रेडिएटर काय करेल याची बाबांनापण खात्री नाही.

आधी दुसऱ्याच एकाला बोलावलं होतं, तो आला पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेणारी क्रेन घेऊन. म्हटलं अरे ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, तर म्हणतो न्यूट्रलमध्ये टाकली की काय होत नाही. होतं ना बाबा. मागची चाकं फिरली की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा फिरतो, त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्टपण फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळे खालचा तेल उडवणारा लेशाफ्ट जागेवरच उभा, म्हणजे आतलं सगळं कोरडं घासत जाणार. गॅरेजपर्यंत चार किलोमीटर असतील तर एक वेळ चालेल, सव्वादोनशे किलोमीटरला प्रोपेलर शाफ्ट काढल्याशिवाय अजिबात नाही. त्याला परत पाठवला. एका मित्राने त्याच्या बोलेरोमागे लावायचा दोन चाकी ट्रेलरपण देऊ केला होता, पण त्यात गाडीचं वजन ट्रेलरच्या एक्सलच्या थोडं पुढे पडावं लागतं, मागे गेलं की उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि आमच्यापैकी कुणालाच सवय नाही म्हणून तो नाद सोडला.

मग हे आले, चारही चाकं वर घेणारा ट्रेलर. ड्रायव्हर पन्नाशीचा, सोबत एक पोरगा. पोरगा गाडीत बसला आणि खाली दोन सीटच्या मधे हात फिरवत बसला, मग खिडकीतून डोकं काढून विचारतो, "गिअर खंय आसा?" बाबा इतके हसले की काय सांगू. शेवटी मीच आत बसलो, न्यूट्रल केली, ट्रेलरवरच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या चरकाने, वर ओढून घेतली. खालून सायलेन्सर घासत होता म्हणून ड्रायव्हरने रॅम्पखाली फळ्या टाकून उतार कमी केला, हे मी न सांगता केलं बरं का.

खरी गंमत बांधण्यात आहे. पोराने साखळी काढली आणि सरळ मागच्या एक्सलला गुंडाळायला लागला. पद्मिनीला मागे एक्सलवरूनच ब्रेकचा पाइप जातो, साखळी ताणली की तो चेपलाच समजा. मी ओरडायच्या आत ड्रायव्हरच ओरडला. मग चारही टायरवरून रॅचेटचे, म्हणजे एकेक क्लिकने आवळायचे, बेल्ट टाकले, म्हणजे चाकं ट्रेलरला पक्की आणि वरची बॉडी आपल्या स्प्रिंगवर हवी तशी डुलू दे. बॉडीला किंवा बंपरला बांधलं की प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, बेल्ट सैल होतो, परत ताणतो, आणि कुठेतरी उडतो.

आणि गिअरचं म्हणाल तर मी फर्स्टमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. काही जण म्हणतात न्यूट्रलच ठेवा, झटका बसला की गिअरच्या दातांवर लोड येतो. पण गाडी धरून ठेवायचं काम बेल्टचं आहे, गिअर आणि हँडब्रेक हे बेल्टने दगा दिला तर असावेत म्हणून. बेल्ट नीट असतील तर गिअरवर लोड येतोच कुठे? एक मात्र करा, स्टिअरिंग गिअरचे जुने लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड, झिजलेले असतात, दांडा फर्स्टमध्ये दिसतो आणि आत गिअर पडलेलाच नसतो. बेल्ट लावायच्या आधी चाकापुढे ठोकळा ठेवून क्षणभर हँडब्रेक सोडून ढकलून बघायची. आमची पहिल्यांदा खरंच हलली!

डिकीतला जॅक, पाने, बाबांची छत्री सगळं काढलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली, फोटो काढले. मी माझी गाडी घेऊन मागेमागे गेलो. उसगावला तिस्क नाक्यावर ड्रायव्हरने आपणहून थांबून बेल्ट बघितले, पुढच्या डाव्या बेल्टला दोन क्लिक अजून बसले. सुरुवातीला गाडी थोडी बसते त्यामुळे हे होतंच, न थांबणारा ड्रायव्हर असेल तर तुम्ही थांबवा. मोलेला घाटाच्या आधी परत एकदा बघितले. तिथून मला म्हणाला, "पात्रांव, तुमी वचात घरा, कांयच भिवपाची गरज ना." म्हणजे मालक, तुम्ही घरी जा, घाबरायचं काही कारण नाही. गेलो घरी.

आता वाईट. संध्याकाळी पोचणारी गाडी तिसऱ्या दिवशी पोचली, कारण बेळगावला त्यांना दुसरी गाडी उचलायची होती म्हणून आमची तिथल्या यार्डात उतरवून ठेवली, आणि मी त्यांच्या ऑफिसमधल्या बाईंना फोन केला की त्या म्हणायच्या "निघालीच आहे". जूनचा पाऊस, गाडी उघड्यावर, हँडब्रेक तसाच ओढलेला. कोल्हापूरला उतरवताना मागची दोन्ही चाकं जाम, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले. मिस्त्रीने ड्रमवर हातोडीने ठोकून ठोकून सोडवले. ट्रेलरवर असताना हँडब्रेक ठीक आहे, पण पावसात उभी करून ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा, हे यार्डातल्या कुणालाच सुचलं नाही.

पैसे चौदा हजार ठरले होते, वर दीड हजार यार्डाचे मागितले. त्यांच्याच सोयीसाठी उतरवलेल्या गाडीचं भाडं मी देऊ? दिले नाहीत, थोडं वाजलं, मग सोडून दिलं त्यांनी. रंगाला एक ओरखडा नाही हेपण खरं. एक स्टार यार्डाचा कापला आणि अर्धा त्या "निघालीच आहे"चा.

काम झालं की परत आणताना त्याच ड्रायव्हरला थेट फोन करणार, नंबर घेऊन ठेवलाय. तो म्हणाला पोराला तोवर स्टिअरिंग गिअर शिकवून ठेवतो.