सागरी जीवाश्मांचा संच : वर्गात वापरून पाहिल्यावर

गोव्यात भूशास्त्र शिकवणाऱ्याची अडचण जुनीच आहे. डिचोली-सांखळीकडे खनिज उदंड, पण इथले बहुतेक खडक २५० कोटी वर्षांच्या आसपासचे, काही त्याहून जुने. कवचधारी प्राणी समुद्रात दिसू लागले ते साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी. मुलांना कितीही डोंगर फिरवले तरी अमोनाइट, म्हणजे वळणदार कवचाच्या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म, हाती लागायचा नाही. म्हणून हा संच ऑनलाइन मागवला. साडेचार हजार रुपये, बारा नमुने, प्रत्येकासोबत एक कार्ड.

आधी चांगलं सांगते. नमुने निवडणाऱ्याला विषय कळतो. ग्रॅप्टोलाइट या नामशेष सागरी जीवांचे ठसे असलेली काळ्या दगडाची पाटी बघायला साधी, करवतीच्या दात्यांसारख्या रेघा फक्त. पण हे जीव भर समुद्रात तरंगायचे, मेले की तळाच्या गाळात कुठेही पडायचे, आणि त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. एकच जात दोन देशांतल्या खडकांत सापडली तर ते थर जवळपास एकाच काळातले, असं धरता येतं. डेव्होनियन या भूशास्त्रीय काळाची सुरुवात कुठून मोजायची हे १९७२ साली ठरलं, तेही चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक इथे एक ठरावीक ग्रॅप्टोलाइट ज्या पातळीवर पहिल्यांदा दिसतो तिथूनच.

त्याच पेटीत लिंग्युला आहे, हे मला फार आवडलं. हा शिंपल्यासारखा प्राणी कोट्यवधी वर्षं जवळपास त्याच रूपात टिकला, त्याचे भाऊबंद आजही जिवंत आहेत. वय ठरवायला तो निरुपयोगी, आणि म्हणूनच शिकवायला उत्तम. फळ्यावर दोन गावांचे थर काढून सारखे जीवाश्म लोकरीच्या धाग्याने जोडायला सांगितले. लिंग्युलाचा धागा कुठल्याही थराला बांधता येत होता. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हा सगळीकडेच आहे, मग याच्यावरून कळणार काय?" पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान तिला तिथे समजलं.

ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचा नामशेष सागरी प्राणी) खरा नाही, साच्यातून काढलेली नक्कल आहे, आणि कार्डावर तसं स्पष्ट लिहिलंय. बाजारात राळेचे ट्रायलोबाइट खरे म्हणून खपतात, त्यामुळे या प्रामाणिकपणाचं मोल मोठं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. मादागास्करचा कापून चकचकीत केलेला अमोनाइट 'ज्युरासिक' म्हणून दिला होता. कवचावरची हिरवट झळाळी, आकार आणि कप्प्यांच्या सांध्यांची नक्षी पाहता तो क्लिओनिसेरास या प्रकारचा अमोनाइट वाटतो, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळातला, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. चूक निदान तीन कोटी वर्षांची! विक्रेत्याला फोटो पाठवले, त्यांनी नवीन कार्ड पाठवलं, काळ दुरुस्त झाला. पण कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरात मिळाला हे त्यावरही नाही. कच्छच्या अमोनाइटचंही तेच, नुसतं 'गुजरात'.

हे मी सोडून देऊ शकत नाही. म्युनिकच्या आल्बर्ट ओपेलने १८५६ ते १८५८ दरम्यान युरोपातल्या ज्युरासिक थरांचे जीवाश्मांवरून पट्टे पाडले. त्याचा विद्यार्थी विल्हेल्म वागेन पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला आणि १८७०च्या दशकात त्याने कच्छचे अमोनाइट युरोपातल्या अमोनाइटांशी ताडून पाहिले. इतक्या लांबचे थर जुळवता आले, कारण कुठला नमुना कुठल्या थरातून आला याची नोंद होती. ती नसेल तर नमुना कपाटात ठेवायला छान, थर जुळवायला बिनकामाचा.

तरीही अकरावी-बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांनी हा संच घ्यावा असं मी म्हणेन. पैसे भरण्याआधी प्रत्येक नमुन्याचं ठिकाण आणि थर लेखी मागा. संग्रहासाठी हवा असेल तर घेऊ नका. आणि ग्रॅप्टोलाइटची पाटी वेगळ्या डबीत पाठवायला सांगा, आमच्या पाटीचा एक कोपरा कुरिअरमध्येच उडाला होता.