जुन्या दगडी शेतघरातला आलिशान व्हिला: काही महिने राहिल्यानंतर

ऐन उन्हाळ्यात इथे राहायला आलो आणि थंडीही इथेच काढली, त्यामुळे दोन रात्रींच्या पाहुण्याला न दिसणाऱ्या गोष्टीच लिहितो. पोहण्याचा तलाव, मोठं स्वयंपाकघर, गाद्या, नळ सगळं फोटोत दिसतं तसं. त्यात नाव ठेवायला जागा नाही.

खरी चैन भिंतींची आहे. साधारण 2 फूट जाडीचा दगड. दुपारचं ऊन तापत तापत आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. खालच्या मजल्यावर एसी लावावासाच वाटला नाही. मात्र पहाटे खिडक्या सताड उघडायच्या आणि ऊन चढायच्या आत बंद करून लाकडी झडपा ओढून घ्यायच्या. दिवसभर खिडक्या उघड्या टाकून ‘घर गरम आहे’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

थंडीत हाच गुण अंगावर येतो. फरशीखालचं हीटिंग चांगलं आहे, पण घर थंड पडलं असेल तर ऊब यायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्यानं ते आदल्या दिवशीच सुरू करायला सांगावं.

दुरुस्ती बहुतेक ठिकाणी चुन्यात केली आहे, हे मला नळांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अशा भिंतींना पायाखालून ओल चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट अडवून धरतं. उत्तरेकडच्या न्हाणीघरात कुणीतरी सिमेंट फासलंय. तिथे गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या खाराचा पट्टा उमटतो. नखानं खरवडलं की पापुद्रा सुटतो, आणि त्यामागे दगडाचीही भुकटी होत असलेली दिसते. तक्रार केली की रंगाचा हात मारून जातात. पावसाळ्यात पट्टा पुन्हा हजर. रंग कितीही महाग लावला तरी गिलावा काढल्याशिवाय हे थांबणार नाही.

तुळयांना बारीक भोकं आहेत. ती पाहून घाबरू नका. खाली फिकट, ताजी भुकटी सांडत असेल तर किडा जिवंत समजायचा. इथली भोकं काळवंडलेली आहेत, आणि महिनोन्‌महिने खालच्या टेबलावर कणही पडला नाही.

भिंतींपुढे वायफायचं काही चालत नाही. मालकानं केबल टाकून जवळजवळ प्रत्येक खोलीत वेगळं यंत्र बसवलंय, फक्त कोपऱ्यातली अभ्यासिका विसरलाय. आणि जाहिरातीत ‘शांत कामाची जागा’ म्हणून फोटो नेमका तिचाच!

जिना मूळचाच ठेवलाय. उभा, अरुंद, आणि वर पोचताना चौकट कपाळाला लागेल इतकी खाली. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर तळमजल्यावरची झोपायची खोली बुकिंग करतानाच मागून घ्या. ती एकच आहे.