सीडी सापडत नाही, विंडोज बिघडली: रीसेट मारायचा की पेनड्राइव्ह करायचा?

"अरे, व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारायचाय, पण विंडोजची सीडी काही सापडेना." मित्राचा असा फोन आला की मी आधी सीडी शोधणं थांबवायला सांगतो. विंडोज 8 आली 2012 साली. तेव्हापासून कंपनीचा लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर त्याची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, मदरबोर्डातच असते. विंडोज 10-11 चं लायसन्स एकदा लागू झालं की मायक्रोसॉफ्टकडे मशीनच्या नावे नोंदलेलं राहतं. शोधायचं ते वेगळंच: या मशीनमध्ये असं काय आहे, जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही?

माझ्या मित्राचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सात-बाराच्या प्रिंटा. अख्ख्या गावाचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच्या मशीनला लागतात, त्यामुळे व्हायरस कुठून आला हे विचारण्यात अर्थ नव्हता. खालची तुलना त्याच्या मशीनवरून केली आहे, तुमच्या मित्राच्या मशीनलाही बहुतेक लागू पडेल.

आधी खरंच विंडोज टाकायची गरज आहे का ते बघा. पेनड्राइव्हमधली फोल्डरं गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, तर फायली बहुतेक वेळा तिथंच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. लपलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दाखवायचं सेटिंग चालू केलं की त्या दिसतात. मशीन चालू होत असेल तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. एवढ्यावर भागलं तर पुढचं वाचू नका.

नाही भागलं, तर खरी निवड दोन गोष्टींत आहे: रीसेट, नाहीतर पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकणं.

रीसेट विंडोजच्या आतच असतो. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की त्याचा मेन्यू मिळतो. मशीन उठतच नसेल तर चालू होताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद करायचं, मग तो मेन्यू आपोआप येतो. 'फायली ठेवा' हा पर्याय ऐकायला गोड वाटतो, पण राहतात त्या फायलीच, सॉफ्टवेअर नाही. टॅली, कोरल, श्रीलिपी सगळं उडतं आणि डेस्कटॉपवर उरते उडालेल्यांची यादी. डीटीपीवाल्याचं खरं नुकसान फॉन्टचं. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत, नसतात. तोच फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

रीसेट पुढे विचारतो: विंडोज इथलीच वापरू की नेटवरून उतरवू? इथली म्हणजे त्याच आजारी मशीनमधल्या फायलींवरून पुन्हा बांधलेली. व्हायरसच्या केसमध्ये मला ते पटत नाही, नेटवरचीच घ्यावी. पण ती चार जीबीच्या वर जाऊ शकते. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट देऊन बसलात तर अर्ध्यात अडकाल. आणि व्हायरसने सिस्टिम फार कुरतडली असेल तर रीसेट अर्ध्या वाटेवर 'अडचण आली' म्हणून मागे फिरतो.

पेनड्राइव्हला मेहनत जास्त, भरवसाही जास्त. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, ते विंडोजचा सेटअप पेनड्राइव्हवर चढवतं. त्याला किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह द्यायचा, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. हे काम स्वतःच्या घरी, स्वतःच्या चांगल्या मशीनवर करा. मित्राच्याच मशीनवर केलं तर दुखणं पेनड्राइव्हवर बसून परत येईल. तिथं गेल्यावर मशीन कशावरून चालू करायचं ते विचारणारा बूट मेन्यू काढायचा, डेल-लेनोव्होला सहसा एफ 12, एचपीला एफ 9. की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडायचं, मात्र आधी विंडोजची होम आवृत्ती असेल तर होमच टाकायची. नेट लागलं की लायसन्स स्वतःहून जुळतं. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा चालून जातं.

या वाटेवर सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. "माझं सगळं डी ला आहे" असं मित्र छातीठोकपणे सांगेल. विश्वास ठेवू नका. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी मध्येच असतात, आणि माणसाचं निम्मं आयुष्य डेस्कटॉपवर पडलेलं असतं. म्हणून आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घेऊन त्यावरून मशीन चालू करा. विंडोजचे व्हायरस तिथं सहसा चालत नाहीत. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढा. सेटअपच्या फायली आणि क्रॅक घेऊ नका. ड्राइव्ह उघडताना कुलूप दिसलं तर तो बिटलॉकर, विंडोजनेच डेटाला लावलेलं कुलूप. त्याची 48 अंकी रिकव्हरी की मित्राच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघावी लागते. ती हाती येईपर्यंत काहीही पुसू नका.

कंपनीच्या लॅपटॉपात रिकव्हरी पार्टिशनही असतं, म्हणजे विंडोज परत टाकायला डिस्कवर राखून ठेवलेला भाग, एचपीला एफ 11, एसरला ऑल्ट आणि एफ 10. नेट नसलेल्या ठिकाणी कामाचं. पण विंडोज मिळते ती जुनीच, वर कंपनीने भरलेला फाफटपसारा. असेम्बल्ड मशीनला तेही नसतं.

चौथा पर्याय प्रत्येक बाजारपेठेत असतो: चार-पाचशे रुपयांत तासाभरात विंडोज टाकून देणारा. मित्राने मागच्या वर्षी तेच केलं होतं. मी मशीन उघडलं तेव्हा डिफेंडर बंद आणि डाउनलोड्समध्ये अ‍ॅक्टिव्हेटर, लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा क्रॅक. अशा क्रॅकमधूनच स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरलं. आमच्या केसमध्ये तेवढं झालं नव्हतं. फायलींच्या नावांना अनोळखी शेपटी लागून त्या उघडेनाशा झाल्या असतील तर मात्र रीसेट नको, फॉरमॅटही नको. त्या फायली आहेत तशा कॉपी करून ठेवा आणि 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर चावी निघाली आहे का बघा. डच पोलिस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी ती 2016 मध्ये सुरू केली, आणि तिथं पैसे लागत नाहीत.

आणखी एक अट निवडीच्या आड येते. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीन त्याहून जुनं आणि काम फक्त ब्राउझर-मेलचं असेल तर मी सरळ मिंटच ठेवतो. दुकानात श्रीलिपी आणि टॅली चालायला हवी होती, आणि नशिबाने मशीन अकरा पेलणारं निघालं.

आम्ही पेनड्राइव्हची वाट धरली. डेटा काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. विंडोज चढत होती तोवर मित्राने मोबाइलवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले. त्या मशीनवर ते टाइप झालेले होते, त्यामुळे जुने ठेवून चालणार नव्हतं. संध्याकाळी श्रीलिपी टाकली, फॉन्ट परत बसवले आणि बाहेर ताटकळलेल्या गिऱ्हाईकाची पत्रिका उघडली. गणपतीच्या खालची ओळ मराठीत दिसली तेव्हा मित्राने चहा सांगितला.