प्रोलॅक्टिन टेस्टचा रिव्ह्यू: ॲपवाली लॅब २ स्टार, दादरच्या डॉक्टर बाई साडेचार

आधीच सांगते, दोन्ही लॅबची नावं टाकणार नाहीये. ॲपवाल्यांचं टाकलं तर खाली त्यांचा तो ठरलेला 'आम्हाला खेद आहे' वाला मेसेज येईल आणि पुढे काही होणार नाही. आणि डॉक्टर बाईंनी स्वतःच सांगितलंय, "माझं नाव नेटवर टाकू नकोस गं, इथे बसायला चारच खुर्च्या आहेत."

तर झालं असं की माझी पाळी दोन महिने मागेपुढे झाली आणि तिसऱ्या महिन्यात आलीच नाही. घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह. लग्नाला तीन वर्षं झालीत, आता मुलाचा विचार चाललाय, म्हटलं उगाच वाट बघत बसण्यात अर्थ नाही, गेले गायनॅककडे. तिने सोनोग्राफी, थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन लिहून दिलं. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतपणानंतर दूध आणणारं हॉर्मोन एवढंच मला माहीत होतं, माझ्याकडे बाळ नाही, दूध नाही, मग हे कशाला असं वाटलं पण विचारलं नाही, बाहेर वीस बायका बसलेल्या, कोण विचारणार.

ऑफिस लोअर परळला, साडेनऊला पंच, म्हणून घरी येऊन रक्त नेणारं ॲप घेतलं. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन मिळून ६९९ रुपये, स्लॉट साडेसात ते आठ. पोरगा आला सहा वाजून दहा मिनिटांनी! "मॅडम रूट चेंज झाला, खाली उभा आहे." आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, रात्री खालच्या गेटला कुलूप आणि वॉचमन गावी गेलेला. मी झोपेतून उठून गाऊनवर ओढणी टाकून तीन मजले खाली, कुलूप उघडलं, परत तीन मजले वर, तो पुढे मी मागे, धापा टाकत खुर्चीत बसले आणि त्याने लगेच दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना. डावा हात झाला, उजवा झाला, मला घाम फुटला, त्याला माहीमला पुढचा पेशंट. सगळं मिळून सात मिनिटांत गडी परत खाली. खरं ते सांगायला हवं, सुई माझ्यासमोर पाकीट फोडून काढली, ग्लोव्ह्ज होते, ट्यूबवर बारकोड माझ्यादेखत चिकटवला आणि बोलायला नम्र होता. दोन स्टार त्याचेच आहेत.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी आला, स्पीडला तोड नाही. टीएसएच नॉर्मल. प्रोलॅक्टिन ६१.८ नॅनोग्रॅम पर मिली, नॉर्मल साधारण २५ पर्यंत, आकडा लाल आणि जाड. त्याखाली त्यांचा तो 'स्मार्ट रिपोर्ट', त्यात मेंदूचं चित्र, पिट्युटरीवर (मेंदूच्या खाली असलेली छोटीशी ग्रंथी) बाण, 'गाठीची शक्यता', आणि त्याच पानावर एमआरआयवर १५ टक्के सूट असलेलं कूपन. गाठ आणि कूपन एकाच पानावर!! मी तेव्हा ट्रेनमध्ये होते. लोअर परळ ते दादर दोन स्टेशनं, तेवढ्यात मी मनातल्या मनात ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचले होते.

कस्टमर केअरला फोन केला तर "मॅम व्हॅल्यू मशीनने दिलेली आहे." फ्री डॉक्टर कन्सल्टेशन असतं म्हणे, ते तीन मिनिटं चाललं, त्या डॉक्टरने एमआरआय करून घ्या म्हणून सांगितलं. कुठली गोळी चालू आहे का, रक्त किती वाजता काढलं, कसं काढलं, एक शब्द नाही. गायनॅकनेही आधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळा दोष ॲपच्या माथी मारत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईंकडे जाऊन ये एकदा, बाबांची शुगर वीस वर्षं त्यांनीच बघितली." बाईंची लॅब दादर वेस्टला, कबुतरखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर. पंखा आवाज करतो, एसी नाही, काउंटरवरच्या मावशी चिडक्या (शनिवारी गेलात तर जास्तच). बाई स्वतः एमडी पॅथॉलॉजिस्ट, वय सत्तरीच्या आसपास असेल. मी रिपोर्ट पुढे केला, तो त्यांनी नीट वाचलाही नाही, आधी रजिस्टर उघडलं.

उठलीस किती वाजता? सहा दहा. रक्त कधी काढलं? सहा वीस. जिना चढलीस? दोनदा टोचलं? आणि मग, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मी म्हटलं काही नाही. केसांसाठी बायोटिनच्या गमीज आणि ॲसिडिटीची एक कॅप्सूल, रोज सकाळी. ती आपण गोळी म्हणून धरतच नाही ना, केमिस्टकडे मागितली की मिळते, अडीच महिने घेत होते. बाई म्हणाल्या पाकिटाचा फोटो दाखव. पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारं) आणि डॉमपेरिडोन (मळमळ थांबवणारं). त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता बस."

पुढची पंधरा मिनिटं जे काही सांगितलं त्याचे पैसे घेतले असते तरी मी दिले असते. पिट्युटरीच्या बाकीच्या बहुतेक हॉर्मोन्सना मेंदू मागून ढकलतो, प्रोलॅक्टिनला मात्र तो सतत धरून ठेवतो. धरून ठेवणारं रसायन म्हणजे डोपामिन. गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून उभे असतात ना कार्यकर्ते, तसं. दोरी सैल झाली की गर्दी आत, डोपामिन कमी पडलं की प्रोलॅक्टिन वर. डॉमपेरिडोन नेमकी ती दोरीच सोडतं. ते मेंदूच्या आत फारसं शिरत नाही म्हणून लोकांना वाटतं साधी गोळी आहे, पण पिट्युटरी त्या मेंदूच्या कुंपणाच्या बाहेर बसलेली, तिथे ते आरामात पोचतं. इतकं की काही ठिकाणी दूध कमी येणाऱ्या आयांना हेच औषध दूध वाढवायला देतात! आणि प्रोलॅक्टिन चढलं की मेंदूकडून अंडाशयाला पाळीसाठी जाणारा निरोपच मंदावतो. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी महिनोन्महिने येत नाही ती ह्याच कारणाने. म्हणजे मी ऑफिस कँटीनच्या मिसळीसाठी गोळी घेत होते आणि माझ्या शरीराला वाटत होतं ही बाळंतीण आहे.

ह्यात वर सहा दहाचा प्रकार. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं आणि पहाटे चढलेलं असतं, त्यामुळे उठल्यावर निदान दोन-तीन तास जाऊ द्यायचे असतात. धावपळ, घाबरणं, दुसऱ्यांदा टोचणं, ह्याने पण वर जातं. बाई म्हणाल्या, "त्या पोराचा दोष नाही, त्याला शुगर आणि प्रोलॅक्टिन एकच, ट्यूब भरली की झालं."

खिडकीच्या जाळीबाहेर कबुतरं घुमत होती, तिकडे बोट करून म्हणाल्या, ह्या हॉर्मोनचं आपल्याकडे कुणाला पडलेलं नाही पण ह्यांचे उपकार आहेत. मला वाटलं थट्टा करतायत, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये दाणे टाकणं बंद करायला कबुतरखान्यावर घातलेल्या ताडपत्रीवरून जो राडा झाला त्यानंतर दादरमध्ये कबुतर हा शब्द जरा जपूनच काढतात. पण नाही. कबुतर पिल्लांना गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा दाट पदार्थ भरवतं, आणि मादीच नाही, नरसुद्धा! तो तयार होतो प्रोलॅक्टिनमुळे. १९२८ साली स्ट्रासबुर्गला सशांवर प्रयोग करताना पिट्युटरीच्या अर्काने दूध येतं हे दिसलं होतं, आणि मग १९३०च्या दशकात अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्याच्या सोबतच्यांनी कबुतरांवर काम करून त्याला प्रोलॅक्टिन नाव दिलं. हॉर्मोन किती आहे ते मोजायचं कसं तर कबुतराला टोचायचं आणि त्या पिशवीचं वजन किती वाढलं ते बघायचं. आज आपण बारकोड लावतो त्या टेस्टची पणजी ही. आणि गंमत म्हणजे माणसात हे हॉर्मोन वेगळं आहे की नाही ह्यावरच १९७०पर्यंत घोळ होता, कारण माणसाचं ग्रोथ हॉर्मोनसुद्धा दूध आणण्याचं काम थोडंफार करतं. कॅनडात हेन्री फ्रीसन आणि मंडळींनी ते वेगळं काढून रक्तात मोजायची पद्धत बसवली तेव्हा कुठे डॉक्टरांना कळायला लागलं की पाळी बंद असलेल्या कितीतरी बायकांच्या मागे हेच आहे. पुरुषांनाही असतं बरं का, त्यांच्यात वाढलं तर टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा जाते, मूल होण्यात अडचण येते. आमच्याकडे मात्र टेस्ट लिहून मिळाली ती फक्त मला, असो.

बरं, मग गाठ नसतेच का? असते. पिट्युटरीवर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असते, तिला प्रोलॅक्टिनोमा म्हणतात, ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि बऱ्याचदा ऑपरेशनही लागत नाही, कॅबरगोलिन नावाच्या गोळीने आवरते, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायची असते. आकडा २००-२५० च्या वर गेला की तिचा संशय पक्का होतो. माझा ६१.८, म्हणजे मधलाच, तिथे आधी गोळ्या, थायरॉइड आणि प्रेग्नन्सी बघायची, मग पुढचं. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिन अँटीबॉडीला चिकटून मोठा गोळा होऊन फिरत असतं, मशीन ते मोजतं पण शरीरात त्याचं काम जवळजवळ शून्य, त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात, त्याची वेगळी टेस्ट असते, ती झाली नाही की बायका वर्षानुवर्षं उगाच गोळ्या खातात. उलटंही होतं. गाठ फार मोठी असेल तर प्रोलॅक्टिन इतकं असतं की मशीन गोंधळतं आणि आकडा कमी दाखवतं, मग रक्त पातळ करून परत लावावं लागतं. आणि माझ्या त्या बायोटिनच्या गमीज! जास्त डोसमध्ये असेल तर काही मशीनवर आकडा खोटा उतरतो. म्हणजे एक गोळी आकडा चढवणारी, दुसरी उतरवणारी, आणि मी म्हणत होते काही चालू नाही.

मी गायनॅकला फोन करून विचारलं, ती म्हणाली चालेल, कॅप्सूल बंद कर. (इथे कुणी वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नका, मानसिक आजारावरच्या काही औषधांनी पण प्रोलॅक्टिन वाढतं, ती अशी पटकन सोडायची नसतात.) तीन दिवस कॅप्सूल नाही, गमी नाही, चौथ्या दिवशी ऑफिसला हाफ डे टाकून साडेदहाला गेले. मावशींनी अर्धा तास पंख्याखाली बसवलं, मोबाईल पण बघू नको म्हणाल्या, हा नियम त्यांचा स्वतःचा असावा. एकाच टोचण्यात काम झालं, कळलंसुद्धा नाही.

आता तक्रारी. एका प्रोलॅक्टिनचे ५५० घेतले, ॲपवर दोन टेस्ट ६९९ ला होत्या. कार्ड चालत नाही. रविवारी बंद. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवत नाहीत, येऊन घ्यायचा, तोही दुसऱ्या दिवशी पाचनंतर. आणि सगळ्यात मोठी तक्रार, रिपोर्ट आणायला नवऱ्याला पाठवलं, त्याने फोटो पाठवला, आकडा ४१२!! ६१ वरून ४१२! मी मीटिंगमधून उठून बाहेर आले, हात थरथरत होते. बाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "युनिट बघ." ह्यांच्याकडे मायक्रो आययू ह्या वेगळ्या युनिटमध्ये देतात, नॅनोग्रॅम काढायला साधारण २१.२ ने भागायचं. ४१२ म्हणजे १९.४. नॉर्मल. अहो मग तेवढं पेनने बाजूला लिहून द्यायला काय होतं? अर्धा स्टार तिथे कापला.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले, तर ह्याच प्रोलॅक्टिनचा एक तुटलेला तुकडा बाळंतपणाच्या आसपास काही बायकांचं हृदय अचानक कमजोर होतं त्या आजारात सापडलाय म्हणे, जर्मनीत हानोव्हरला २००७ मध्ये त्यावर काम झालं आणि प्रोलॅक्टिन दाबणारी ब्रोमोक्रिप्टिन ही गोळी तिथे वापरून बघितली जाते. मूल हवंय अशा बाईने रात्री दीड वाजता हे वाचू नये. नवऱ्याने फोन काढून घेतला.

पाळी कॅप्सूल सोडल्यावर पाचव्या आठवड्यात आली. ॲसिडिटीला आता नुसतं पँटोप्राझोल आहे, गायनॅकने लिहून दिलेलं, आणि मिसळ बंद.

ॲपवाल्यांकडे तक्रार टाकली होती, स्लॉटच्या सव्वा तास आधी माणूस आला, टेस्टसाठी काय पाळायचं ते कुणी सांगितलं नाही, अशी. त्यांनी माफी मागून वॉलेटमध्ये २०० रुपये टाकले, ३० दिवसांत वापरायचे. सासूबाईंची उपाशीपोटीची शुगर करायचीच होती, ती बुक केली, स्लॉट पुन्हा साडेसातचा. पोरगा परत सहालाच आला तरी चालेल, त्या पाचलाच उठून चहासाठी ताटकळत बसलेल्या असतात. गेटची किल्ली मात्र ह्यावेळी आदल्या रात्रीच दोरीला बांधून खिडकीत ठेवलीय, वरूनच सोडणार आहे.